सबवे स्टेशनची पार्किंग अशी भलत्याच जागी का असते?

मागच्या उन्हाळ्यात आई टोरोंटोला आली होती. तिला डाउनटाउन दाखवायला नेताना मी नेहमीसारखी फिंच या सबवे स्टेशनच्या (सबवे म्हणजे इथली मेट्रो) पार्किंग लॉटमध्ये गाडी लावली, जागा मिळाली ती पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथून स्टेशनच्या दारापर्यंत आईच्या चालीनं चांगली दहा मिनिटं लागली. चालता चालता ती म्हणाली, "अरे, एवढं मोठं मैदान नुसतं गाड्यांसाठी? पलीकडे बघ केवढे टॉवर उभेत, आणि इथं साधी पत्र्याची शेड नाही." मी आपलं सांगितलं की या देशात जागेला तोटा नाही वगैरे. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "जागेचं काही नाही रे, वर तारा आहेत ना. आपल्या नाशिकच्या प्लॉटचं नाही का झालं तसंच."

नाशिकच्या प्लॉटचं झालं ते असं की बाबांनी स्वस्त पडतोय म्हणून प्लॉट घेतला आणि त्याच्या एका कडेवरून हाय टेन्शन लाइन जात होती, त्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळेना, शेवटी आईनं तिथं मेथी-कोथिंबीर लावली आणि वर्षानुवर्षं आम्ही तीच खाल्ली. मी अकरा वर्षं फिंचला गाडी लावतोय, हजार वेळा तरी त्या तारांखालून चाललो असेन, पण हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून मला नादच लागला. कुठलंही सबवे स्टेशन दिसलं की त्याची पार्किंग कुठे आहे आणि तिथंच का आहे हे शोधायचं. आणि जे सापडलं ते इतकं इंटरेस्टिंग आहे की लिहून काढावंसं वाटलं.

आधी ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. कल्याण, डोंबिवलीला स्टेशनबाहेर पे अँड पार्क असतं बघा, सकाळी घरून बाइकवर यायचं, बाइक तिथं लावायची आणि लोकल पकडायची. पार्क अँड राइड म्हणजे तेच, फक्त बाइकच्या जागी कार आणि पत्र्याच्या शेडच्या जागी क्रिकेटची पाच-सात ग्राउंडं बसतील एवढा डांबरी पसारा. उत्तर अमेरिकेतल्या शहरांत घरं इतकी लांब लांब पसरलेली असतात की प्रत्येक गल्लीत बस पाठवणं परवडत नाही, मग शहराच्या कडेला एका स्टेशनाजवळ मोठा लॉट करायचा, लोकांनी तिथपर्यंत गाडीनं यायचं आणि पुढचं ट्रॅफिक टाळून ट्रेननं जायचं, अशी ही कल्पना.

कागदावर बघितलं तर लॉट कुठे असावा हे अगदी सोपं वाटतं. हायवेवरून पटकन वळता यावं, ट्रॅफिक जाम सुरू होतो त्याच्या अलीकडे असावा, आणि गाडीतून उतरून फार चालावं लागू नये. आता प्रत्यक्षात बघा. कुठे लॉट स्टेशनपासून अर्धा किलोमीटर लांब आहे, कुठे भर वस्तीत बंगल्यांच्या मध्ये, कुठे दुकानांच्या मागच्या बोळात, तर कुठे असं स्टेशन की आजूबाजूला चिटपाखरू नाही आणि तरी सहाशे गाड्यांची सोय. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं प्लॅनिंग करणाऱ्यांनी डोळे मिटून नकाशावर बोट ठेवलं की काय. पण तसं नसतं. स्टेशनाजवळची जमीन ही शहरातली सगळ्यात महाग जमीन असते, तिथं काहीही बांधता येत असेल तर कोणीतरी बांधतंच, आणि मग पार्किंगच्या वाट्याला येते ती जमीन जिच्यावर दुसरं काहीच उभं राहू शकत नव्हतं किंवा त्या काळी राहू शकलं नाही. एवढं लक्षात ठेवून बघायला लागलं की जवळजवळ प्रत्येक विचित्र लॉटचं कोडं सुटतं.

फिंचपासूनच सुरू करू. टोरोंटोचा यंग स्ट्रीटचा सबवे हा कॅनडातला पहिला, ३० मार्च १९५४ ला सुरू झाला, युनियन स्टेशनपासून एग्लिंटनपर्यंत, १२ स्टेशनं. मग तो उत्तरेकडे वाढत वाढत १९७४ मध्ये फिंचला पोचला. फिंचच्या जरा उत्तरेला पूर्व-पश्चिम असा विजेच्या टॉवरांचा एक रुंद पट्टा जातो, त्याला इथं हायड्रो कॉरिडॉर म्हणतात. ऑन्टारियोत विजेला सरळ हायड्रोच म्हणतात, विजेचं बिल आलं नाही म्हणायचं, हायड्रोचं बिल आलं म्हणायचं, कारण गेल्या शतकाच्या सुरुवातीला इथं वीज आली ती नायगाऱ्याच्या धबधब्यावरून, आणि पाण्याची वीज हेच विजेचं नाव होऊन बसलं. ते असो. हे पट्टे ठेवले तेव्हा आजूबाजूला शेतं होती, शहर नंतर येऊन त्यांना चिकटलं.

उच्च दाबाच्या तारांखाली का बांधत नाहीत? एक तर तारेपासून ठरावीक अंतर मोकळं ठेवावंच लागतं, कारण एवढ्या दाबाला वीज हवेतूनही उडी मारू शकते, स्पर्श व्हायची गरज नसते. आणि तारा काही एका उंचीवर ताठ राहत नाहीत, उन्हाळ्यात एसी सुरू झाले की लोड वाढतो, तारा तापतात, लांबतात आणि खाली झोळ पडतो, तेव्हा अंतर त्या सगळ्यात खालच्या झोळापासून मोजायचं. दुसरं म्हणजे टॉवरपर्यंत मोठे ट्रक, क्रेन कधीही जाता आले पाहिजेत. म्हणून बिल्डिंग नाही, उंच झाडं नाहीत, पेटणारं काही साठवायचं नाही. मग उरतं काय? गवत, सायकल ट्रॅक, भाजीचे वाफे, आणि पार्किंग. कार पाच फूट उंच असते, संध्याकाळी निघून जाते, आणि दुरुस्तीसाठी एक पट्टा बंद ठेवायचा झाला तर बोर्ड लावून ठेवता येतो. तारांखाली चालेल असा यापेक्षा गरीब भाडेकरू मिळणं कठीण. फिंचला जमीन प्रांत सरकारची, तारा हायड्रो वन या वीज कंपनीच्या आणि लॉट टीटीसीचा, म्हणजे टोरोंटोची बस आणि सबवे चालवणाऱ्या संस्थेचा, भाडेकरारावर. तीन हजारांच्या आसपास गाड्या मावतात तिथं, यंग स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना. आणि लॉट असा लांबच लांब शेवयांसारखा का आहे, चौकोनी ठेवून सगळ्यांना स्टेशन जवळ का नाही केलं, याचंही उत्तर तेच. पट्ट्याचा आकार तारांनी ठरवलाय. जानेवारीत उणे पंधरामध्ये वारं अंगावर घेत त्या लॉटच्या टोकापासून चालताना माझे किती शिव्याशाप त्या अज्ञात प्लॅनरला गेले असतील, बिचाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

किपलिंग, म्हणजे दुसऱ्या लाइनचं पश्चिमेचं शेवटचं स्टेशन, तिथंही हेच, लॉट तारांखाली. आणि २०१७ च्या डिसेंबरात टोरोंटोच्या उत्तरेला असलेल्या वॉन शहरापर्यंत जी सहा नवीन स्टेशनं झाली त्यात तर हे अगदी उघड दिसतं. पायोनियर व्हिलेजला जवळजवळ १९०० गाड्यांचा लॉट, तोही हायड्रो कॉरिडॉरमध्ये. त्याच्या पुढचं हायवे ४०७ स्टेशन, तिथं सहाशेच्या आसपास. हे स्टेशन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा बघाच, सुंदर बिल्डिंग आहे, मोठ्या काचा, आणि बाहेर पडलं की हायवे, नाल्याचं खोरं आणि आभाळ. चालत येईल असं जवळ कोणी राहतच नाही. गंमत म्हणजे त्याच्या पुढचं, लाइनचं अगदी शेवटचं स्टेशन वॉन मेट्रोपॉलिटन सेंटर, तिथं टीटीसीचा लॉटच नाही. नेहमीच्या हिशोबानं शेवटच्या स्टेशनलाच सगळ्यात मोठी पार्किंग हवी. पण वॉनला तिथं स्वतःचं नवं डाउनटाउन उभं करायचं होतं, टॉवर बांधायचे होते, म्हणजे जमिनीला गिऱ्हाईक होतं. म्हणून गाड्या गेल्या एक-दोन स्टेशनं अलीकडे, तारांखाली आणि हायवेच्या काखेत.

इथं एक प्रश्न पडेल की लोक एवढ्या लांब चालायला तयार असतात तर बसनं का नाही येत. बहुतेक लोक खरं तर बसनंच येतात, टोरोंटोच्या सबवेची खरी ताकद तीच आहे, बस थेट स्टेशनच्या आत शिरते आणि तिकीट परत दाखवायची गरज नसते. पण ही सोय शहराच्या हद्दीपर्यंतच होती. फिंचच्या उत्तरेला दोन किलोमीटरवर स्टील्स अव्हेन्यू, ती ओलांडली की टोरोंटो संपलं आणि यॉर्क रीजन सुरू, बस कंपनी वेगळी, तिकीट वेगळं. थॉर्नहिल किंवा रिचमंड हिलमध्ये राहणारा माणूस बसनं फिंचला आला तर बसचं एक भाडं आणि सबवेचं दुसरं, परत येताना पुन्हा दोन, म्हणजे दिवसाला चार भाडी. त्यापेक्षा हद्द ओलांडून गाडी घेऊन यायचं, लॉटमध्ये लावायची आणि फक्त सबवेचं तिकीट काढायचं, हे कोणालाही परवडणारंच. त्यात २००९ पर्यंत टीटीसीचा महिन्याचा पास असेल तर पार्किंगही फुकट होती! म्हणजे फिंचचा लॉट भरायचा त्यामागे तारांइतकीच नकाशावरची ती हद्दीची रेघ होती. मी स्वतः रिचमंड हिलला राहतो आणि माझं सगळं गणित हेच होतं, बस घराच्या कोपऱ्यावरून जायची आणि मी तिच्याकडे बघत गाडी काढायचो. २६ फेब्रुवारी २०२४ पासून वन फेअर आलं, आता एकच भाडं पुरतं, दोन तासांत बदलली तर दुसरी बस किंवा सबवे फुकट. हे मला टोरोंटोत गेल्या वीस वर्षांत झालेलं सगळ्यात शहाणं काम वाटतं, कारण यात एक इंचभर बोगदा खणावा लागला नाही. मी आता आठवड्यातून तीन दिवस बसनंच जातो.

आता दुसऱ्या जातीचे लॉट बघू, जे शहराच्या पार पोटात आहेत आणि बघणारा म्हणतो इथं कशाला? वॉर्डन, इस्लिंग्टन, विल्सन ही नावं घ्या. यांच्या बाबतीत उत्तर असं की ही सगळी एके काळची शेवटची स्टेशनं. ब्लूर-डॅनफोर्थ लाइन, म्हणजे किपलिंगची ती दुसरी लाइन, १९६६ मध्ये सुरू झाली, १९६८ मध्ये पूर्वेला वॉर्डनपर्यंत आणि पश्चिमेला इस्लिंग्टनपर्यंत गेली, मग १९८० मध्ये एकेक स्टेशन पुढे सरकली, केनेडी आणि किपलिंग. म्हणजे बारा वर्षं वॉर्डन ही शहराची वेस होती, तिथं लॉट असणं बरोबरच होतं. मग वेस पुढे गेली आणि लॉट तिथंच राहिला. जुन्या गावात कसं वेशीचा दरवाजा आता भर बाजारपेठेत उभा असतो, पुण्याच्या पेठांना जशी अजून वारांची आणि माणसांची नावं आहेत पण पेठ बसवणारा कोण ते विचारलं तर सांगता येत नाही, तसंच. फिंचचंही आता तेच होणार, यंगची लाइन तिथून पुढे रिचमंड हिलपर्यंत सुमारे आठ किलोमीटर वाढवायचं काम हातात घेतलंय, ते झालं की पन्नास वर्षं शेवटचं असलेलं फिंच हे मधलं स्टेशन होईल.

विल्सनची गोष्ट अजून खोल आहे. १९६० च्या दशकात टोरोंटोत स्पडायना एक्सप्रेसवे नावाचा हायवे उत्तरेकडून थेट डाउनटाउनमध्ये घुसवायचा बेत होता. जुन्या वस्त्या फोडून, घरं पाडून. लोक रस्त्यावर उतरले, न्यूयॉर्कहून १९६८ मध्ये टोरोंटोला राहायला आलेल्या, शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज त्यात होत्या, आणि ३ जून १९७१ ला ऑन्टारियोचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बिल डेव्हिस यांनी तो हायवे थांबवला. पण तोपर्यंत उत्तरेचा तुकडा खणून झाला होता. तोच आजचा ॲलन रोड, जो एग्लिंटनला येऊन अचानक संपतो, आणि पहिल्यांदा येणारा माणूस तिथल्या सिग्नलला बावरून जातो. सबवे त्याच हायवेच्या मधल्या पट्टीतून आणला आणि २८ जानेवारी १९७८ ला विल्सनपर्यंत सुरू झाला. त्यामुळे ही स्टेशनं वस्तीच्या मधोमध नाहीत, हायवेच्या मधोमध आहेत, बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांचा आवाज. आणि विल्सनच्या उत्तरेला तर तेव्हा डाउन्सव्ह्यूचा विमानतळ होता, जिथं डी हॅविलँडची विमानं बनायची, धावपट्टीजवळ उंच बांधकामाला मर्यादा होती. हायवेचा वळसा, विमानतळ, सबवेचा यार्ड, यांच्यामधल्या फटीत काय बसणार? पुन्हा गाड्याच.

रद्द झालेल्या हायवेनं जन्माला घातलेली पार्किंग बघायची असेल तर अमेरिकेतल्या बॉस्टनचं एलवाइफ स्टेशन बघा. रूट २ हा मोठा रस्ता पश्चिमेकडून येतो आणि पुढे केंब्रिजमधून आत शहरात जायचा होता. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट यांनी १९७० मध्ये शहराच्या आतल्या हायवेंची कामं थांबवली आणि रूट २ हायवे म्हणून तिथंच आटला. त्याच्या टोकाला हजारो गाड्या रोज येऊन अडकणार, त्या कुठेतरी ठेवायला तर हव्यात. तिथल्या सबवेच्या रेड लाइनचा बेत खरं तर अजून पुढे, आर्लिंग्टन गावातून बाहेरच्या रिंग रोडपर्यंत जायचा होता, पण आर्लिंग्टनच्या लोकांनी नको म्हटलं, त्यांना गावात स्टेशन आणि त्याच्यामागून येणारी गर्दी नको होती. म्हणून १९८५ मध्ये लाइन संपली ती एलवाइफला, ओढा आणि दलदलीच्या कडेला, आणि तिथं स्टेशनच्या डोक्यावरच कैक मजली पार्किंग गॅरेज बांधलं. हायवेवरून रॅम्प थेट गॅरेजमध्ये जातो. चालत येणाऱ्याला मात्र त्या रस्त्यांच्या गुंत्यातून वाट काढावी लागते.

बॉस्टनच्याच दक्षिणेला क्विन्सी ॲडम्स म्हणून स्टेशन आहे, तिथं तर याचं टोक गाठलं गेलं. मोठं गॅरेज हायवेला जोडलेलं, आणि मागच्या बाजूला वस्ती, मध्ये एक लोखंडी फाटक. लोक वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये गाड्या लावून फाटकातून स्टेशनला जायला लागले, रहिवाशांनी तक्रार केली, आणि फाटकाला कुलूप लागलं ते तीसएक वर्षं. कल्पना करा, घराच्या खिडकीतून स्टेशन दिसतंय पण जायचं तर मैलभर वळसा, मग तो माणूस पण शेवटी गाडीच काढणार. २०१८ मध्ये फाटक उघडलं. मला ही गोष्ट वाचून खरंच वाईट वाटलं, कारण पार्किंगचा त्रास टाळायला चालणाऱ्याची वाट बंद केली आणि स्टेशन फक्त गाडीवाल्यांचं होऊन बसलं.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रकार. टोरोंटोचा नकाशा उघडा, सॅटेलाइटवाला, आणि डॅनफोर्थ अव्हेन्यूच्या जरा उत्तरेला बघा, दुकानांच्या मागच्या बाजूला. एक छोटी पार्किंग, मग एक छोटी बाग, मग पुन्हा पार्किंग, पुन्हा बाग, अशी एकाच सरळ रेषेत माळ दिसेल. मध्येच घरांच्या रांगेला दात पडल्यासारखी फट. ग्रीन पी म्हणतात तो हिरवा पी-चा बोर्ड तुम्हाला तिथं दिसेल, शहराची पार्किंग संस्था आहे ती. ही रेषा म्हणजे खालचा बोगदा! १९६० च्या दशकात ही लाइन बांधली ती आजच्यासारखं खोलवर मशीन घालून नाही, तर वरून चर खणायचा, आत काँक्रीटची पेटी बांधायची आणि वरून माती लोटून झाकायचं, या पद्धतीनं. यंग स्ट्रीट अशी खणली तेव्हा दुकानदारांचे हाल झाले होते, म्हणून ब्लूर-डॅनफोर्थच्या वेळी बऱ्याच भागात मुख्य रस्ता न खणता त्याच्या मागची घरांची एक पट्टी घेतली, ती पाडली आणि तिथून बोगदा नेला. काम झाल्यावर वर काय करायचं? बोगद्याचं छत जमिनीपासून फार खोल नाही, त्याच्यावर पाया घालून बिल्डिंग चढवायची तर खर्च भारी, त्या काळी कोणाला पडली नव्हती. मग डांबर टाकलं, कुठे गवत लावलं. चेस्टर, पेपच्या आसपास ग्रीकटाउनमध्ये जेवायला जाल तेव्हा मागच्या लॉटमध्ये गाडी लावून एक मिनिट इंजिन बंद करून उभे राहा, पायाखाली बारीक थरथर जाणवते.

ज्यांची घरं गेली त्यांचा विचार मनात येतोच अशा वेळी. आपल्याकडे धरणाखाली गाव गेलं की निदान उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर देवळाचा कळस दिसतो. इथं पार्किंगची फट तेवढी उरते.

असाच प्रकार कॅलिफोर्नियात बर्कलीला झाला, फ्रीमाँट-मिल्पिटसकडच्या आपल्या मंडळींना बार्ट, म्हणजे तिथली मेट्रो, माहीत असेलच. बर्कलीच्या मतदारांनी १९६६ मध्ये स्वतःवर जास्तीचा कर लावून घेतला, का तर बार्टची लाइन पुलावरून नको, गावातून जमिनीखालून जावी. केवढी मोठी गोष्ट आहे बघा, स्वतःहून कर मागणं! पण नॉर्थ बर्कली स्टेशनसाठी मात्र घरांचे ब्लॉकच्या ब्लॉक पाडले गेले, स्टेशन जमिनीखाली गेलं आणि वर उरला मोठा लॉट, मधोमध एक गोल घुमटीसारखी एंट्री, आणि चारी बाजूंना शांत बंगले. १९७३ पासून कितीतरी वर्षं हे तसंच राहिलं. अगदी जमिनीखालून न्या म्हणून पैसे मोजले ते गावाचं रूप टिकावं म्हणून, आणि त्याच जागी गावात केवढं तरी भगदाड पडलं. बर्कलीतल्याच ॲशबी स्टेशनच्या लॉटला लोकांनी वेगळाच जीव दिला, शनिवार-रविवारी तिथं बाजार भरतो, जुने कपडे, भांडी, ढोल वाजवणारे, सगळं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला की बार्टच्या मालकीच्या अशा जमिनींवर घरं बांधायला शहरांनी वाट मोकळी करून द्यायची, आणि या दोन्ही लॉटवर घरं आणायचा बेत त्यातूनच पुढे आला.

घरं का, तर जरा हिशोब करू. एका कारला उभं राहायला आणि आत-बाहेर करायला धरून साधारण ३० चौरस मीटर लागतात. फिंचच्या ३००० गाड्या म्हणजे ९०,००० चौरस मीटर, म्हणजे ९ हेक्टर, आपल्या भाषेत २२ एकर. बहुतेक गाड्यांत एकच माणूस असतो, म्हणजे २२ एकरांवर रोजचे ३००० प्रवासी. आता टोरोंटोच्या एका सबवे ट्रेनमध्ये हजारभर माणसं बसून-उभी जातात आणि गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांना एक गाडी सुटते. म्हणजे तो सगळा प्रचंड लॉट, उन्हाळ्यात तापणारा, हिवाळ्यात ज्याचा बर्फ उपसायला ट्रकच्या ट्रक लागतात, तो तीन ट्रेनमध्ये मावतो, दहा मिनिटांच्या आत! बावीस एकरांवर जर मध्यम उंचीच्या बिल्डिंगा असत्या तर कितीतरी हजार माणसं स्टेशनपासून चालत अंतरावर राहिली असती आणि त्यांना गाडीच लागली नसती. एक लॉट सकाळी आठला भरला की दिवसभर त्याचा उपयोग संपला, नऊला कोणी आला तर त्याला परत जावं लागतं, हेही आहेच.

म्हणून टोरोंटो शहरानं २०१९ च्या सुरुवातीला हाउसिंग नाऊ नावाची योजना आणली, शहराच्या मालकीच्या ११ जागा घरांसाठी निवडल्या, त्यातली साधारण एक तृतीयांश तरी परवडणारी भाड्याची घरं व्हावीत या विचारानं. त्या यादीत विल्सन, व्हिक्टोरिया पार्क आणि वॉर्डन या स्टेशनांचे लॉट होते. आता आईचं वाक्य आठवा. हे तिन्ही लॉट त्या जागी होते जिथं एके काळी बांधायला कोणी नव्हतं, पण बांधता येणं शक्य होतं. शहर वाढलं, जमिनीला गिऱ्हाईक आलं, लॉट जायला लागले. फिंच आणि किपलिंगचा तारांखालचा पट्टा कुठल्याच यादीत येऊ शकत नाही. पायोनियर व्हिलेज पण नाही. म्हणजे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सोयीच्या, चौकोनी, दाराजवळच्या पार्किंग एकेक करून जाणार आणि शिल्लक राहणार त्या फक्त या लांबट, वारा खाणाऱ्या, गुणगुणणाऱ्या तारांखालच्या. पार्किंग आज वाटते त्यापेक्षाही जास्त विचित्र जागी दिसायला लागेल, आणि माझ्या मते ते बरोबरच होईल. जिथं माणूस राहू शकतो तिथं माणूस राहावा, गाडीला तारांखालची जागा पुष्कळ झाली. फक्त एक मनापासून वाटतं, बस येईना अशा वस्तीत राहणारे, रात्रपाळी करणारे, गुडघे गेलेले, यांच्यासाठी दाराजवळ चार ओळी तरी ठेवा, आणि त्या लांब पट्ट्यात वाऱ्याला आडोसा देणारा एखादा छताचा रस्ता करा. तारांखाली काय उंचीचं चालतं ते त्यांना माहीत असतंच, पाच फुटी कार चालते तर टॉवरांपासून लांब सात-आठ फुटी आडोशाचाही विचार व्हायला हरकत नाही.

परवा सकाळी धुकं होतं. दमट हवेत त्या तारा बारीक सूं सूं करतात, तव्यावर थेंब पडल्यासारख्या, आणि गाडी लॉक करताना ते ऐकून आईला फोन लावला. विल्सनच्या लॉटवर घरं करायचं ठरलंय, पण आपला लॉट जाणार नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "कसा जाईल, तारा कुठं चालल्यात." मग थोडं थांबून, "पण तिथं डांबरच टाकायला हवं असं थोडीच आहे रे. कोणी मेथी नाही का लावत?" लावतात आई, शहरात दुसरीकडे अशाच तारांखाली लोकांनी वाफे केलेत, टोमॅटो असतात, कारली असतात. पुढच्या वेळी आलीस की दाखवतो.